हेदूपाड्याची चालती फडकी

आधीच सांगून ठेवतो, पुढे जे ऐकाल त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही बसला नाही. जमिनीत रोवलेला हद्दीचा दगड जागेवर राहत नाही, हे मी मोजणी खात्यातल्या नोकरीत बत्तीस वर्षं पाहिलं. तो शेजाऱ्याच्या बाजूला दर पावसाळ्यात दोन हात सरकतो, त्यात नवल काही नाही. पण झाडाला बांधलेली खूण झाडावरून उतरली, पायवाटेला लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत तुरुतुरु चालत दुसऱ्याच्या शेतात जाऊन बसली, हे पाहणारा अख्ख्या शहापूर तालुक्यात मी एकटा. मुरबाड तालुक्यातही दुसरा नसावा.

तेव्हा चहा घ्या, ओटीवर ऐसपैस बसा. तुम्ही मंडळाचे नवे सभासद, तुम्हाला हे कळायलाच हवं. मनस्वीताई आत योगिनीकडून नाचणीच्या भाकऱ्या शिकतायत, तोवर सांगून टाकतो. त्यांच्यासमोर सांगायला मला संकोच वाटतो. गोष्टीत माझं कौतुक जरा जास्त आहे.

योगिनी माझी सून. तुम्ही उतरलात ते हे शेतघर चालवायची कल्पना तिची. रोज आसनगावहून फास्ट लोकल धरून मुंबईतल्या कचेरीत जायची. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एका वर्षाची बिनपगारी रजा घेतली आणि मला म्हणाली, “बाबा, या वर्षात पाहुणे यायला लागले तर ठीक. नाही आले तर पुढच्या एक एप्रिलला मी परत त्याच खुर्चीत.” आमचे चिरंजीव सुनिल म्हणाले, “बघू.” सुनिल प्रत्येक गोष्टीला बघू म्हणतो. बोहल्यावरही भटजींना बघूच म्हणाला असावा.

डिसेंबरपर्यंत तीन कुटुंबं आली. त्यातलं एक तर चुकून आलं होतं, त्यांना पोहण्याचा तलाव असलेलं दुसरंच घर हवं होतं. योगिनीने गोधड्या धुवायच्या, उन्हात घालायच्या, घडी करून ठेवायच्या. वापरल्या नसल्या तरी धुवायच्या. ते बघवत नव्हतं हो.

अशात ठाण्याहून मनस्वीताईंचा फोन आला. त्यांचं चालणाऱ्यांचं मंडळ. म्हणाल्या, “सिद्धगडावर आम्ही जाऊन आलोय. आता गड नको, गुडघे नको म्हणतात. सकाळी पोहे खाऊन निघायचं, शेतातून, ओढ्याकाठून, पाड्यातून फिरायचं आणि जेवायला परत यायचं, अशा दोन-तीन वाटा आहेत का? असल्या तर फेब्रुवारीत चौदा जण येतो. आवडलं तर दर महिन्याला.”

योगिनीने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर मार्चअखेर लिहिलेली होती.

“वाटा आहेत म्हणून सांग,” मी म्हणालो. “तीन. मोजलेल्या.”

आता वाटा होत्या हे खरं. पण त्या कामाच्या वाटा. एक विहिरीवर जाते, एक बाजाराला, एक नवसूच्या सासुरवाडीला. फिरून पुन्हा निघाल्या जागी येणारी वाट इथे हेदूपाड्यात कधी कोणी पाडलीच नव्हती. शेजारचा नवसू भातशेती करतो, रानाची खडान्‌खडा माहिती त्याला. त्याला समजावताना माझा घसा बसला.

“काका, त्यांना जायाचा कुठं हाय?”

“कुठंच नाही. निघायचं, फिरायचं, परत यायचं.”

“काय आणायाला?”

“काही नाही.”

“कोणाचा लगीन? मयत?”

“नाही रे, नुसतं चालायचं.”

नवसूने बराच विचार केला. मग हळूच विचारलं, “डाक्तरांनी सांगितलाय काय त्यांना?”

मी हो म्हणालो. काही गोष्टी पटवून देण्यापेक्षा हो म्हणणं सोपं असतं.

शहापूरला आमचं राहतं घर आहे, तिथे शेजारी रविंद्र राहतात, बँकेतून निवृत्त. सल्ला द्यायला त्यांना निमित्त लागत नाही, समोर माणूस असला की पुरतं. ते म्हणाले, नकाशा मोबाईलवर टाका. मी म्हणालो, हेदूपाड्यात मोबाईलला रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, पाहुण्यांनी दर वळणावर टाकी कुठून आणायची? मग म्हणाले, “चुन्याने बाण काढा. स्वस्त, मस्त.”

मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी मोजणीची साखळी काढली, डोक्यावर टोपी घातली, नवसूच्या हातात साखळीचं एक टोक दिलं आणि पाठीमागे चुन्याची रेघ ओढत निघालो. जगात सहलीची वाट तेहेतीस फुटी साखळीने मोजणारा पहिला माणूस मीच असेन. बांधावरून, ओढ्यावरून, टेपाडाला वळसा घालून रेघ झाली. तीन किलोमीटर एकशे दहा मीटर. दुपारी घरी येऊन अभिमानाने झोपलो.

संध्याकाळी उठतो तर अंगणात सबंध पाडा. सगळ्यांच्या पुढे सकुबाई, कमरेला कोयता. सकुबाई म्हणजे पाड्यातली सगळ्यात कडक बाई. तिच्या बांधावरून जाताना बैलसुद्धा खाली मान घालून जातात.

“कोणता रस्ता काढतोस रे मोजणीदार?” ती म्हणाली. “किती पदरी हाय?”

माझी चूक माझ्या लक्षात आली. मोजणीवाला माणूस साखळी आणि चुना घेऊन शेतातून गेला, तर त्याचा अर्थ या भागात एकच होतो. मी हात जोडून सांगितलं, “रस्ता नाही हो. सरकारचं काही नाही. शहरातले लोक येणार आहेत, नुसते चालायला.”

“म्हंजे मोठे साहेबच येनार,” मागून कोणी तरी म्हणालं. सगळ्यांना एकदम खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या रेघेच्या दोन्ही अंगाला आंब्याची रोपं. सव्वीस मोजली. रस्त्यात झाड गेलं तर भरपाई वेगळी मिळते ना! एकाने तर कुडाची झोपडी उभारून दारात कोंबड्या बांधल्या होत्या, म्हणजे राहतं घर दिसावं. पाहुण्यांच्या वाटेवर चालायला जागाच उरली नाही. आठ दिवस मी घरोघर जाऊन रस्ता होणार नाही म्हणून शपथा घेत फिरलो. विश्वास एकट्या सकुबाईने ठेवला. ती म्हणाली, “तुज्याकडून रस्ता व्हनार नाय, ता मना आधीच वाटला व्हता.” बत्तीस वर्षांच्या सेवेत इतका अपमान वरिष्ठांनीही केला नव्हता.

चुना बाद झाला. मग म्हटलं, रीतसर पाट्या लावू. ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेब भले गृहस्थ, त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, “वाट कोणाच्या नावावर आहे?”

“वाट कोणाच्या नावावर कशी असेल? सगळेच चालतात.”

“सातबाऱ्यावर नोंद?”

“नाही.”

“गावनकाशावर तुटक रेघ तरी?”

तो नकाशा एके काळी मीच दुरुस्त केलेला. रेघ नव्हती. मी मान हलवली.

“मग काका, कागदोपत्री तिथे वाट नाही. जिथे वाट नाही तिथे वाटेची पाटी लावायला परवानगी कशी देऊ?”

“बरं, ना-हरकत द्या.”

“जे नाहीच त्याला हरकत नाही, असं लिहून देणारा मी कोण?”

खरं सांगतो, मला राग आला नाही. डोळे भरून आले. माझ्या खात्यात बत्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत होतो, पण इतक्या सुंदर शब्दांत कधी जमलं नाही. निघताना ते हळू आवाजात म्हणाले, “झाडाला चिंधी बांधायला मात्र नियम नाही. लोक नवसाच्या बांधतातच.”

चिंध्या! मी धावत शहापूरला गेलो आणि कपाट उघडलं. सरस्वतीच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, जुन्या साड्या तिथे होत्या. जुन्या म्हणजे माझ्या मते जुन्या. लाल साडी फाडून पहिल्या वाटेची फडकी केली, पिवळी फाडून दुसऱ्या वाटेची आणि हिरवी फाडून तिसऱ्या वाटेची. हिरवं फडकं झाडात दिसत नाही, हे पन्नास बांधून झाल्यावर समजलं. पिवळी साडी तिच्या भाचीच्या लग्नातली होती, हे त्याच संध्याकाळी समजलं. त्यानंतर चार दिवस मला ताटात काय वाढलं जात होतं, ते पाहुण्यांसमोर सांगण्यासारखं नाही.

बांधायला नवसू बरोबर होता. विहिरीपुढे बांधाबांधाने ऐनाची झाडं आहेत, अगदी ओळीत, जणू खुणांसाठीच लावलेली. मी हात पोचेल त्या प्रत्येक फांदीला फडकं बांधत सुटलो.

“काका, ऐनाला नको बांधू,” नवसू म्हणाला.

“का? ओळ बघ किती सरळ आहे.”

“ओळ हाय रे, पन ह्या फांद्या पुढल्या आठवड्यात…”

“नवसू,” मी म्हणालो, “मी बत्तीस वर्षं खुणा रोवल्यात.”

“बरा,” नवसू म्हणाला, आणि त्याने विडी पेटवली. तो बिचारा फार अदबीचा माणूस. त्या अदबीनेच घात केला.

तुम्ही शहरातले, म्हणून सांगतो. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागी राब करतात. म्हणजे तिथे शेण, झाडाचा पाला, गवत, माती असे थर रचायचे आणि शिमग्याच्या पुढेमागे ते भाजायचे. माती भुसभुशीत होते, तण मरतं. त्या थरांसाठी फेब्रुवारीत ऐनाच्या फांद्या छाटतात, मोळ्या बांधतात आणि डोक्यावरून शेतात नेतात. त्या मोळ्यांना कवळ म्हणतात. हे इथल्या लहान पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. त्या दिवशी फक्त आठवत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी चौदा पाहुणे आले. योगिनीने पोहे केले, वर ओलं खोबरं. जेवणाला भरलं वांगं, नाचणीची भाकरी, तांदळाची खीर. तिचं सगळं लक्ष पाहुण्यांकडे, खोबरं पोह्यांपेक्षा ताटाबाहेर जास्त पडलं. मी म्हटलं, “काळजी करू नकोस. लाल फडकं बघत जातील, लाल फडकं बघत येतील.” आठ वाजता ते लाल वाटेला लागले आणि मी इथेच, या ओटीवर, सेनापती बसतो तसा बसलो.

दहा वाजले. अकरा वाजले. कोणी नाही. योगिनी आतबाहेर करायला लागली. खीर दाट होत गेली. साडेअकराला मी काठी घेतली, टोपी घातली आणि म्हणालो, “आणतो.”

विहिरीपर्यंत फडकी जागच्या जागी. पुढे ऐनाची ओळ लागली आणि मी उभाच राहिलो. सगळ्या ऐनांचं मुंडण झालेलं! नुसते खुंट उभे, शेंड्याला चार पानं. एकाही झाडावर फडकं नाही. सतरा दिवसांपूर्वी मी इथे छप्पन्न खुणा बांधल्या होत्या.

तेवढ्यात डावीकडे लांब काही तरी लाल दिसलं. बांध उतरून गेलो, तर तो सकुबाईचा राब. शेणावर पालापाचोळ्याचा ढीग, त्यातून माझी फडकी फडफडतायत. लाल पूर्वेला, लाल पश्चिमेला, एक पिवळं सरळ आभाळाकडे. खुणेप्रमाणे चालायचं तर पाहुण्यांना उडावं लागलं असतं.

समोरच्या उतारावर आणखी एक लाल दिसलं, तिकडे गेलो. तो भलत्याच माणसाचा राब. त्याच्यापुढे पिवळं, तिथे तिसरा राब. तीन पाड्यांनी माझ्या तीन वाटा वाटून घेतल्या होत्या. एकाने तर माझं हिरवं फडकं बुजगावण्याच्या गळ्यात घातलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते नीट दिसलं.

आणि मग ते दिसलं, ज्यासाठी ही गोष्ट सांगतोय. पायवाटेवर, माझ्यापुढे शंभर पावलांवर, एक लाल फडकं. मी त्याच्या दिशेने चाललो. शंभर पावलं चाललो, फडकं शंभर पावलांवरच. मी भरभर निघालो, तेही भरभर. ओढा आला, ते ओढा उतरलं. चढ आला, ते चढलं. मी धापा टाकत थांबलो, ते काही थांबेना. बत्तीस वर्षांत हद्दीची खूण मला मागे टाकून पुढे गेली नव्हती. अर्धा कोस गेल्यावर ते वळणावर आडवं झालं, तेव्हा कळलं की फडकं एका कवळीला आहे, कवळ एका बाईच्या डोक्यावर आहे आणि पाल्यात त्या बाईचं तोंडही दिसत नाही.

तिने मोळी सावरून मागे पाहिलं. “काय रे म्हाताऱ्या, कवापासून माज्या मागं मागं येतोस?”

“तुमच्या मागे नाही हो,” मी म्हणालो. “मी फडक्याच्या मागे आहे.”

“ह्या वयात?” ती म्हणाली आणि चालू लागली.

तुम्ही विचाराल, तिला वाट का नाही विचारली? मनात आलं होतं. पण ज्याला बत्तीस वर्षं दोन तालुक्यांतले लोक “आमची हद्द कुठे?” म्हणून विचारत आले, त्याने भर उन्हात थांबून “ही वाट कुठे जाते हो?” असं विचारायचं? काही प्रश्न माणसाच्या घशात अडकतात. शिवाय मला वाट ठाऊकच होती. पाहुणे ठाऊक नव्हते.

मग मी सूर्य पाहिला, काठीची सावली मोजली आणि सरळ रेषेत निघालो. दोन टेकड्या, एक खिंड. मुरबाड तालुक्याची हद्द लागली. खालच्या नाल्यात, काय सांगू तुम्हाला, चौदाच्या चौदा जण! पाणी संपलेलं, चेहरे उतरलेले. एका गृहस्थाने बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर मृत्युपत्र लिहायला घेतलं होतं आणि फ्लॅट कोणाला द्यावा या विचारात अडला होता. एक बाई राबातलं फडकं छातीशी धरून बसल्या होत्या. मी खडकावर उभा राहिलो आणि अशी हाक दिली की कसाऱ्याला घाट चढायला उभी असलेली गाडी सिग्नल पडला समजून निघाली. मग चौदा जणांना एकामागोमाग एक उभं केलं, पुढे मी, आणि पाऊण तासात, घड्याळ लावून पाऊण तासात, या अंगणात आणून सोडलं. खीर अजून कोमट होती. मनस्वीताईंच्या डोळ्यांत पाणी. तेव्हापासून हे मंडळ दर महिन्याला येतं, ते त्या उपकारापोटी. त्या माझ्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही नसतात तर…”

“…तर आम्ही दुपारी मस्त झोपलो असतो,” दारातून आवाज आला.

मनस्वीताई उभ्या होत्या. कोपरापर्यंत नाचणीचं पीठ.

“काका, आम्ही साडेदहालाच परत आलो होतो. खुणा दिसेनात, तेव्हा मोळी घेऊन चाललेल्या सकुबाईंना वाट विचारली. त्यांनी मोळी खाली ठेवली आणि आम्हाला दारापर्यंत आणून सोडलं. आम्ही कुठे हरवलो? हरवलात तुम्ही!”

“तपशिलात थोडा फरक…” मी म्हणालो.

“सकाळी ‘पुढे जाऊन खुणा बघतो’ म्हणून आमच्या आधी तुम्हीच निघालात. दोन वाजले तरी पत्ता नाही. योगिनी जेवली नाही, अंगणात नुसत्या येरझाऱ्या. शेवटी आम्ही चौदा, नवसूभाऊ, सकुबाई, सबंध पाडा तुम्हाला हुडकायला बाहेर पडलो. चार पाडे पालथे घातले. घराघरात थांबवून पाणी दिलं, ताक दिलं, ‘मोजणीदार गावला का’ म्हणून लोक बरोबर चालायला लागले. काका, तुमच्या तीन वाटांवर मिळून जेवढं दिसलं नसतं, तेवढं त्या दुपारी आम्ही चाललो आणि बघितलं. पुढच्या महिन्याचं तिथेच ठरलं. म्हणून योगिनीने सोमवारी राजीनामा धाडला.”

नवे सभासद एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. योगिनी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. पदराने तोंड झाकलं होतं, पण खांदे हलत होते.

“आणि सापडले कुठे?” एका नव्या सभासदाने विचारलं.

“मुरबाड तालुक्यात,” मनस्वीताई म्हणाल्या. “एका म्हातारीच्या अंगणात, खाटेवर बसून भाकर खात होते. तिला रंगवून सांगत होते की शहरातली चौदा माणसं रानात हरवलीत. आणि ती विचारत होती, ‘चौदाच्या चौदा हरवली, नि तूच येकटा बरा गावलास रे?’”